रुईची म्हातारी आणि जोडाची तार

फार पूर्वी, कुठल्याशा राज्यात नदीकाठी एक संगीत विद्यापीठ होतं. तिथे एक मुलगी गाणं शिकत होती. गळा गोड, मेहनत भरपूर; सवय मात्र एक. तंबोऱ्याची खुंटी जरा पिळली की मान वर करून विचारायची, "बरोबर का, बुवा?"

तिचे गुरू डोळे मिटून ऐकायचे. "जरा चढव," म्हणायचे, किंवा नुसतंच, "हं." त्या 'हं'शिवाय तिने कधी तोंड उघडलं नाही. सात वर्षं असंच चाललं.

आठव्या वर्षी बुवा वारले. त्यांची बैठक गुंडाळून ठेवली गेली. पानाचा डबा कुणीतरी घरी पोचवला.

विद्यापीठाचा नियम होता. ज्याचे गुरू गेले, त्याने महिन्याभरात सगळ्यांसमोर आपला तंबोरा आपणच जुळवून गायचं. जमलं तर राहायचं, नाही तर घरी जायचं. मुलीला गाण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं.

ती तंबोरा घेऊन एका पंडितांकडे गेली. ते म्हणाले, "उतरलाय." दुसऱ्यांकडे गेली. ते म्हणाले, "फार चढवलास गं." मैत्रीण हसून म्हणाली, "आता बागेतल्या माळीबुवांना विचार. तेवढेच राहिलेत."

मग ती एकटीच ओसरीवर बसली. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा जोडाच्या, म्हणजे एकाच स्वराच्या. एक छेडली, दुसरी छेडली. काही कळेना. तेवढ्यात वाऱ्यावर तरंगत रुईची म्हातारी, म्हणजे रुईच्या बोंडातलं केसाळ बी, आली आणि एका तारेवर टेकली.

मुलीने शेजारची तार छेडली. म्हातारी जागची हलली नाही. खुंटी किंचित पिळली. म्हातारी थरथरली. आणखी केसभर पिळली, तशी हात न लावलेली ती तार आपणहून गुणगुणू लागली आणि म्हातारी उडून गेली.

मुलगी तिच्यामागे धावली. धरून आणली, पुन्हा तारेवर ठेवली. तार मुद्दाम बिघडवली, पुन्हा जुळवली. जेवणाची घंटा होऊन गेली.

"रियाज करतेस की म्हातारीशी खेळतेस?" मैत्रिणीने विचारलं.

"हे बघ. दोन्ही तारा एक झाल्या की ही नाचते. का बरं?"

"बुवांना विचा—" मैत्रीण थांबली.

मुलीने म्हातारी पुन्हा तारेवर ठेवली. मग म्हणाली, "शोधायला हवं."

चौथ्या दिवशी म्हातारीची गरज उरली नाही. कानांनाच कळू लागलं. मग दुसरा प्रश्न पडला. तारा एकमेकींशी जुळल्या, पण माझ्याशी? बुवांच्या पट्टीत खालचे स्वर तिच्या घशात अडकत. रियाज कमी पडतो, असं ती समजत आली होती. आता तिने तारा थोड्या चढवल्या आणि गाऊन पाहिलं. आणखी चढवल्या, जास्त झाल्या, उतरवल्या. पंधरा दिवस तिचा हाच उद्योग होता.

सभेच्या दिवशी तिने तंबोरा जुळवला. मान वर केली नाही.

विद्यापीठाचे मुख्य आचार्य म्हणाले, "ही तुझ्या बुवांची पट्टी नाही."

सभेत कुजबुज झाली.

"नाही, आचार्य. बुवांचा आवाज खालचा होता. माझा सा इथे आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ऐकून ऐकून सापडला."

"गा, बघू."

ती गायली. शिकवण बुवांचीच होती, पण इतकी वर्षं घशात अडकणारे स्वर आज सहज निघत होते. गाणं संपलं. आचार्यांनी कारकुनाला सांगितलं, "हिचं नाव पटावर राहू दे."

तात्पर्य : दुसऱ्याच्या होकारावर लावलेली तार आपल्या गळ्याशी जुळत नाही, ती आपल्याच कानांनी जुळवावी लागते.