धामणीच्या बांधाची कहाणी

ऐका धामणीबाई, तुमची कहाणी. चिमेचं घरात कुणी खरं मानलं नाही. आयाबायांनो, तुम्ही तरी माना.

एक होतं आटपाट नगर. तिथं एक शेतकऱ्याचं घर. घरात म्हातारी सासू, तिचा थोरला लेक सटवाजी नि धाकटी सून चिमा. चिमेचा नवरा दूरदेशी चाकरीला. दारी मोरी गाय, गोठ्यामागं दगडी बांध, बांधावर करवंदीची जाळी. बांधाच्या बिळात धामण राही. उन्हं आली की दगडावर पडे, उंदीर दिसला की उठे. चिमेनं श्रावणाचं व्रत धरलं. बांधाचा दगड हलवू नये, जाळी तोडू नये, बिळात पाणी ओतू नये.

मग काय झालं? मोरी सकाळी दूध देईना. सासू म्हणाली, "पितं तरी कोण?"

सटवाजी म्हणाला, "धामण. मागच्या पायांना वेटोळं घालते, आचळाला लागते. मी डोळ्यांनी पाहिलं."

चिमा म्हणाली, "तिचे दात सुयांसारखे, आत वळलेले. तिनं आचळ धरलं असतं तर मोरीनं गोठा डोक्यावर घेतला असता."

"दात मोजायला गेली होतीस? माझा सटवा खोटं बोलतो का?"

मग ऐन पंचमीला सासूनं बांध फोडवला, जाळी जाळली, बिळात पाणी ओतलं. धामण ओढ्यापलीकडं निघून गेली. पहिल्या दिवशी उंदरांनी बियाणं खाल्लं. दुसऱ्या दिवशी भाताची कणगी पोखरली. तिसऱ्या दिवशी सासूचं ठेवणीतलं लुगडं कुरतडलं.

सासू म्हणाली, "हे तुझ्या व्रताचं फळ. उद्या माहेरी चालती हो."

चिमा म्हणाली, "जाते. पण धामण गेली, तरी मोरी कोरडीच. तेवढं बघा नि मग मला घालवा."

सासू पहाटे गव्हाणीआड दबून बसली. मग सटवाजी आला. तांब्या नाही, वाटी नाही. मोरीखाली बसला नि धार थेट तोंडात घेतली.

सासू म्हणाली, "सटवा, वेटोळं घालायचं राहिलं रे."

"आई, ती धामण..."

"धामणीला मिशा नसतात."

मग सासू चिमेकडं आली. "सूनबाई, चुकले. आता काय करू?"

"बांध पुन्हा रचा. माती लिंपू नका, दगडांत फटी ठेवा. कडेनं करवंदी लावा. मग वाट बघा."

दगड सटवाजीनं वाहिले. तो टेकला की सासू काठी आपटी. महिन्यानं दगडावर लांबलचक कात दिसली. चिमेनं हळदकुंकू वाहिलं. उंदीर पळाले, मोरीनं चरवी भरली, चिमा आपल्या घरी राहिली.

धामणीबाई, चिमेचं घर राखलंत, तसं सांगणारीचं राखा, ऐकणारीचं राखा, न मानणारीचंही राखा. साठा बोलांची कहाणी पाचा बोलांत पुरी केली. आता उठण्याआधी, बायांनो, एवढं सांगा. मोरीचं दूध कोण प्यालं? सगळ्याजणी एकदम म्हणा: सटवाजी.