भरतीची घंटा

समुद्रकाठच्या एका गावात एक भोळा राखणदार होता. पुंडू त्याचं नाव. गावासमोर पाण्यात एक जुना किल्ला. ओहोटी लागली की वाळूतून चालत जाता यायचं, भरती आली की वाट बुडायची. किल्ल्यात वामन गुरुजींनी छोटंसं संग्रहालय मांडलेलं. जुन्या समया, तलवारी, गलबताचा नांगर, असं बरंच काही. तिथं पुंडू राखणीला लागला.

ही नोकरी टिकणं फार गरजेचं होतं. मोठ्या होडीवर तांडेल असलेल्या धाकूमामाने त्याला सांगून ठेवलं होतं, "शिमग्यापर्यंत नोकरी टिकली तर माझी लेक शेवंती तुला. नाही टिकली तर माझ्या दारात दिसू नको." शेवंतीच्याही मनात पुंडूच होता. का, ते तिलाच ठाऊक.

पहिल्याच दिवशी एका बाईने समई उचलून बघितली. गुरुजी धावत आले.

"पुंडू, बघतोस काय? जुनं काही दिसलं की त्याच्याभोवती दोरी बांधायची. कुणाला हात लावू द्यायचा नाही. म्हणायचं, लांबूनच बघा."

"बरं, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. "अरे, हात द्या कुणीतरी!" लोक धावले. पुंडूने बाबांना नीट निरखलं. केस पांढरे, तोंडात दात नाही. हे तर जुनंच की! त्याने झटकन भोवती दोरी बांधली.

"हात लावू नका. लांबूनच बघा."

"मेल्या, मी पडलोय इथे!"

"कुठल्या काळात पडलात, बाबा? लोक विचारतात, सांगावं लागतं."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, पडलेल्याला सावलीत न्यायचं, तोंडात पाणी घालायचं, वारा घालायचा!"

"बरं, गुरुजी."

मग काय झालं, बुरुजावरची तोफ लाकडी गाड्यावरून घसरली नि उन्हात आडवी झाली. पुंडूला फार वाईट वाटलं. माणसं जमवून त्याने ती ओढत ओढत सावलीत नेली. तोंडात घागर रिकामी केली. मग उशाशी बसून टोपीने वारा घालू लागला. गुरुजी आले तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"गुरुजी, अजून शुद्ध नाही आली. पण पाणी सगळं प्यायली हो."

गुरुजी तिथंच खाली बसले. म्हणाले, "बाबा रे, पाण्याने गंज चढतो. ओलं दिसलं की पुसायचं, तेल चोपडायचं नि काथ्याने खसाखसा घासायचं."

"बरं, गुरुजी."

शिमगा जवळ आला. होणाऱ्या जावयाची नोकरी कशी चाललीय ते बघायला धाकूमामा शेवंतीला घेऊन निघाला. भरतीचं पाणी चढू लागलं होतं. शेवंती होडीत बसली, मामा मात्र ऐटीत पाण्यातूनच चालत आला. कंबरेपर्यंत भिजलेला. पुंडू तेल नि काथ्या घेऊन धावला.

"मामा, हलू नका! गंज चढेल!"

मामा काही बोलायच्या आत पुंडूने त्याला आडवा केला, पुसला, तेलाने माखला आणि काथ्याने घासायला लागला. मामाच्या बोंबेने किल्ल्यावरचे पक्षी उडाले. शेवंती पदर तोंडात कोंबून हसत होती. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. नोकरी गेली, लग्नही मोडलं, असंच सगळ्यांना वाटलं.

मामा उठला. एक पाऊल टाकलं. मग दुसरं टाकलं.

"अगो शेवंते, माझा गुडघा! कित्येक पावसाळे आखडलेला मेला, मोकळा झाला की! पोरगा येडा आहे, पण हात गुणाचा. लावा लग्न."

लग्नाच्या आदल्या दिवशी गुरुजींनी पुंडूला समोर बसवलं. "आता शहाण्यासारखा वाग. माणसांना तेल लावायचं नाही. गोड बोलायचं, सगळं फिरवून दाखवायचं. आणि भरतीची घंटा झाली की एकूण एक माणूस बाहेर काढून दार लावायचं. ओळखीचं असो, रडो, ओरडो, उघडायचं नाही. नाहीतर माणसं आत अडकतात."

"बरं, गुरुजी."

लग्न थाटात झालं. शेवंती माप ओलांडून घरात आली. घर पाहुण्यांनी भरलेलं. पुंडू गोड बोलून तिला घर दाखवू लागला. "ही चूल. हे जातं. ही आमची आये, फार जुनी आहे, हात लावू नका."

दिवेलागण झाली. आयेने देवापुढे निरांजन लावलं नि घंटा वाजवली.

पुंडू ताडकन उठला. "चला, चला, आवरा! आलात, बरं वाटलं!" मामाला काढलं, गुरुजींना काढलं, हातात निरांजन धरलेल्या आयेला काढलं, शेवटी मुंडावळ्यांसकट शेवंतीला अंगणात आणून उभं केलं. आत गेला, आणि कडी लावली.

शेवंतीने दार बडवलं. "अहो, उघडा! मी शेवंती! तुमची बायको!"

आतून पुंडूचा आवाज आला, अगदी गोड.

"ओळखीचं असलं तरी चालत नाही, बाई. ओहोटी लागली की या."