चौदा हजार मुके ठिपके

सोंगट्यांच्या डावात भिवरगडचे राजे भद्रसेन हरले आणि भर दरबारात शेजारच्या राजाला शब्द देऊन बसले, "आमच्या राज्याचा संगणकातला नकाशा तुम्हाला देऊ. एकही विहीर, एकही कोठार वगळणार नाही."

डाव संपल्यावर अक्कल परत आली. नकाशा कचेरीला हुकूम सुटला, "नकाशा पूर्ण द्यायचा, पण दारूगोळ्याची कोठारं शेजाऱ्याला कळता कामा नयेत. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर कचेरीला कुलूप."

कचेरीचे प्रमुख धोंडोपंत खोल विचारात पडले, म्हणजे त्यांनी चहा मागवला.

त्यांच्या हाताखाली सगुणा होती. कुठली जागा पूर्वेला किती, उत्तरेला किती, हे आकडे ती संगणकात भरायची. शेजारी तुळईला तिच्या वर्षाच्या लेकीची झोळी टांगलेली, पंतांच्या मेहरबानीने आणि रोजच्या टोमण्यांसह. कुलूप लागलं तर नोकरीही गेली, झोळीही.

त्याच सकाळी लेकीने घरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या ओढून काढल्या होत्या. डबे सगळे जागच्या जागी, पण नवऱ्याच्या चहात मीठ पडलं. 'आई म्हणून आपण अगदीच कुचकामी,' असं सगुणा सवयीने मनाशी म्हणत होती, ती मध्येच थांबली.

"पंत, आपल्या नकाशाच्या फायली दोन ना? एकीत ठिपके आणि रेषा, दुसरीत त्यांची नावं."

"हो. क्रमांकाने जोडलेल्या. मग?"

"मग पहिलीच देऊ या."

पंत म्हणाले, "दरबारात तूच सांग. फसलं तर कल्पना तुझी. जमलं तर कचेरीची."

दुसऱ्या दिवशी दुपारी दरबारात शेजारच्या राजाच्या दूताने फाईल उघडली. पडद्यावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके.

"यातलं कोठार कुठलं?"

"आहे ना त्यातच," सगुणा म्हणाली. "ठिपके चौदा हजार. मोजून घ्या, एकही कमी नाही."

"अहो, पण नावं?"

"ती दुसऱ्या फायलीत असतात. तुमच्या महाराजांनी मागितली नाहीत."

"मग विहीर कुठली, कोठार कुठलं, ओळखायचं कसं?"

"सोपं आहे. एकेका ठिपक्यावर जाऊन बघा. विहीर निघाली तर पाणी प्या. कोठार निघालं तर आमचे पहारेकरी ओळख करून देतील."

राजे इतके हसले की मुकुट मांडीत पडला. "बाई, माग काय हवं ते!"

"महाराज, तुळईला एक पक्का आकडा. झोळीसाठी."

धोंडोपंत खाकरले. "तशी कल्पना कचेरीचीच..."

"असं? मग आकडा चांदीचा बसवा," राजे म्हणाले. "आणि पंत, झोका कचेरीतर्फे तुम्ही द्यायचा."