ठिपकीची उरलेली ज्वारी

कोंबड्यांनाही मनातलं बोलता यायचं, त्या काळची ही गोष्ट. यमुनाक्का रोज सकाळी प्रत्येक कोंबडीला तिच्या तिच्या डालग्याखाली मूठभर ज्वारी टाकायची. तांबडी कोंबडी ती फस्त करून आणखी मागायची. छोट्या ठिपकीचं पोट मात्र अर्ध्या मुठीतच भरायचं.

"दाणे उरवतेस? आक्काला वाटेल तू आजारी आहेस. आजारी कोंबडी ती आधी कापते," तांबडीनं बजावलं. घाबरलेली ठिपकी उरलेले दाणे पाण्याच्या वाटीजवळ, ओल्या मातीत पुरू लागली.

आठवड्याभरात तिथं हिरवे कोंब वर आले. आक्कानं डालगं उचललं, कोंब पाहिले आणि ठिपकीला हातात धरलं. ठिपकीनं डोळेच मिटले. "आक्का, मी आजारी नाही गं!"

"आजारी कशानं? अंडी तर तांबडीएवढीच देतेस, आणि तीही अर्ध्या मुठीत!" आक्का हसली. "यंदा खुडूक कोंबडीखाली तुझीच अंडी उबवायला ठेवते. मला तुझ्यासारखीच पिल्लं हवीत."

दुसऱ्या दिवशी ठिपकीनं पोटभर खाल्लं आणि उरलेली ज्वारी सगळ्यांच्या देखत तशीच राहू दिली.