दक्षिणेचा सूर्य

“मग त्याला सूर्य म्हणायला हरकत काय, बुवा?” हेमांगीने विचारलं.

भार्गवबुवा समुद्रकाठच्या आपल्या लहानशा देवळाच्या पायरीवर बसले होते. एकतीस वर्षं त्यांचा श्रावणातला नेम एकच. सूर्याचं दर्शन घेतल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, आणि तो मावळल्यावर जेवायचं नाही. यंदा तीन दिवस आभाळ उघडलंच नव्हतं. बुवा नुसत्या पाण्यावर होते. वय ऐंशीचं. त्यांच्या या शिष्येच्या जिवाची घालमेल चालली होती.

आज तिन्हीसांज टळल्यावर ढग फाटले, तेही दक्षिणेला, माडांच्या शेंड्यांवर, हातभर. तिथे एकच तारा.

हेमांगी कॉलेजात ताऱ्यांचंच शास्त्र शिकवायची. तिच्या आवाजाला धार आली.

“मित्र म्हणतात त्याला. आपल्या सूर्याइतकाच तापलेला, तसाच पिवळसर. वजनाला दहावा हिस्सा जास्त, घेराने थोडा मोठा. वयानेही जवळपास तेवढाच. तीन-चार आठवड्यांत स्वतःभोवती एक गिरकी.”

“एकटाच असतो?”

“नाही. जोडीला धाकटा सूर्य आहे. ऐंशी वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी.”

“माझ्याच वयाचा संसार की!” बुवा हसले. “सुखी दिसतोय.”

“थट्टा पुरे. सूर्य दिसला, नेम पाळला गेला. मऊ भात तयार आहे. उठा बघू.”

“आधी पाण्याचा तांब्या आण.”

तिने आणला. बुवांनी तो तिच्याच हातात ठेवला.

“अर्घ्य दे.”

“मी?… दक्षिणेला तोंड करून? तिकडे पितरांना पाणी देतात, बुवा!”

“सूर्य आहे म्हणालीस ना?”

“म्हणाले, पण…”

“पण?”

वीस वर्षं त्या ताऱ्याची मापं तिने फळ्यावर लिहिली होती. हात जोडावेत असं कधी वाटलं नव्हतं. आत्ताचं बोलणंही बुवांनी चार घास खावेत म्हणून केलेली युक्तीच. ती त्यांनी केव्हाच ओळखली होती.

ती दक्षिणेकडे वळली. तांब्या उंच धरून धार सोडली आणि धारेतून वर पाहिलं. चार वर्षांपूर्वी तिकडून निघालेला उजेड पाण्यात लुकलुकला. तिची मान आपोआप लवली.

“सूर्यच आहे, बुवा,” ती हलकेच म्हणाली.

“मग वाढ.”

दुसरी अट तिने मघाशी मुद्दाम गिळली होती. आता तिला राहवेना.

“पण मावळल्यावर तुम्ही जेवत नाही…”

“अजून वर आहे की तो. लवकर कर!”

तिने केळीच्या पानावर भात वाढला, वर तूप सोडलं. बुवांनी पानाभोवती पाणी फिरवलं, देवांच्या नावाच्या चिमूटचिमूट चित्राहुती पानाबाहेर ठेवल्या. थोडं थांबले… मग आणखी एक ठेवली, चांगली घासभर.

“ही कुणाची?”

“तिकडून आपला सूर्य दिसतो का गं?”

“दिसतो ना. शर्मिष्ठा तारकासमूहातले पाच तारे तिथूनही दिसतात. त्यांच्या शेजारी सहावा, तो आपला.”

बुवांनी पहिला घास उचलला.

“मग तिकडच्या कुणा उपाशाचा घास ठेवावा लागतो, बाळ… तिकडेही श्रावण असेल.”