खिडकीतला चुडा

"किणकिणत राहा. सूनबाई घरात कुठे आहे, ते सासूबाईंना कळायला हवं," सासूबाईंनी दिलेली सोन्याची पाटली हिरव्या चुड्याला हळूच सांगत होती.

बांगड्या बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. दोघंही सुनेच्याच हातात, त्यामुळे तिला सगळं ऐकू आलं. तेव्हापासून ती स्वतःच्या हातांकडे जरा संशयानेच बघायची.

कणीक मळताना मात्र ती चुडा कोपराकडे सारायची. तिथे तो रुतून गप्प होई. एकदा कणीक झाली तरी तिने तो खाली आणला नाही. खिडकीत कोपर टेकून ती रस्ता बघत बसली. चुडाही बघत बसला.

घट्ट पाटली मनगटावरून कुरकुरली, "किणकिण का थांबली? अजून कणीकच?"

मनगट गजांशी नेत ती म्हणाली, "पाटलीबाई, तुम्ही सासूबाईंच्या हातात इतकी वर्षं होतात. हा रस्ता कधी बघितलात?"