चित्रातल्या कैरीची चव

"चित्रात जीव आहे म्हणतोस? मग यातली कैरी आम्हाला चाखव!" भैरोजी महाराज तातोबा फ्रेमवाल्यावर गरजले.

महाराजांना दिवाणखान्यासाठी चित्र विकत घ्यायचं होतं. तातोबाने सागवानी चौकटीत, काचेखाली बसवलेलं एक छापील चित्र पुढे केलं. अगदी नव्या धर्तीचं! निळी बशी, तीन कैऱ्या, शेजारी सुरी आणि कलंडल्यासारखं टेबल. ना देव, ना अप्सरा! महाराजांनी "यात आहे काय?" विचारलं, तातोबा "जीव आहे, सरकार!" म्हणून गेला, आणि तिथेच फसला.

"काच उघडायची नाही, बाहेरची कैरी आणायची नाही. उद्या भर दरबारात चव दाखव, नाहीतर दुकानाला कुलूप लावून संस्थानाबाहेर चालू लाग!"

महाराज हट्टाला पेटले की राणीसाहेबांचंही ऐकत नसत. तातोबा घरी येऊन डोकं धरून बसला. मुलीने, गोजराने, सगळं ऐकलं आणि ती खुदकन हसली. "आबा, जेवून घ्या. उद्या तुम्ही फक्त चित्र धरा. बोलेन मी!"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला.

"सरकार, नजर चित्रावरून हलवायची नाही हं!" गोजरा म्हणाली.

"नाही हलवत. चाखव!"

"ही डावीकडची घेतली. कोवळी आहे, अजून कोयसुद्धा धरली नाही. देठाचा चीक पुसला. सुरी लावली... कच्च! आतून पांढरीशुभ्र. वर मीठ भुरभुरलं. चिमूटभर लाल तिखट. मीठ विरघळलं, फोडीला पाणी सुटलं. आता ही फोड दाताखाली... करकन!"

दिवाणजींनी ओठ चाटले. कोतवालांचा एक डोळा आपोआप मिटला. आणि महाराजांनी गटकन आवंढा गिळला!

"सरकार, काय गिळलंत?"

"आम्ही? छे! काहीच नाही!"

"काच शाबूत, सुरी कोरडी, बशीत कैऱ्या तीनच्या तीन! मग सरकारांचे दात आंबवले कुणी?"

महाराजांचा हात नकळत गालाकडे गेला. आणि ते असे खदखदून हसले की पागोटं कानावर आलं.

"तातोबा, चित्र घेतलं! राजवाड्यातल्या साऱ्या चौकटी यापुढे तूच करायच्या. आणि पोरी, हे सोन्याचं कडं तुझं!" मग ते सेवकाकडे वळले. "बघतोस काय? धाव! मीठ-तिखट लावून खरी कैरी आण आधी!"